बिअरमधलं लोणी

गहिनीनाथाची जीभ सगळ्या पाटोदा तालुक्यात प्रसिद्ध होती, आणि ती काही बोलण्यासाठी नव्हे. बोलायच्या बाबतीत गडी भलताच कंजूष. पण गावच्या सहकारी दूध संस्थेत बावीस वर्षं तो दूध चाखत आला होता, आणि त्याच्या जिभेनं एकदा 'परत' म्हटलं की खुद्द चेअरमनची कॅनसुद्धा आल्या वाटेनं घरी जायची.

संस्थेत फॅट सांगणारं मशीन होतं. ते वीज असेपर्यंत चालायचं, म्हणजे क्वचितच. गहिनीनाथ विजेवर चालत नव्हता. पळीभर दूध तोंडात घ्यायचं, या गालातून त्या गालात खेळवायचं, कोपऱ्यातल्या घमेल्यात थुंकायचं, तोंडात दोन फुटाणे टाकायचे आणि निकाल द्यायचा. "गाईनं घाणेरीचा पाला खाल्लाय." "कॅन धुतली, झाकण न्हाई धुतलं." दूध गिळायचं मात्र नाही, हा त्याचा नियम होता. एकदा गिळलं की माणूस दुधाच्या बाजूचा होतो, असं तो म्हणायचा. एकदा त्यानं सख्ख्या बायकोचं, मुक्ताबाईचं दूधही परत पाठवलं, कारण तिच्या गाईनं कांद्याची पात खाल्ली होती. पुढे पंधरा दिवस मुक्ताबाईनं त्याला तिन्ही त्रिकाळ कांदाच खाऊ घातला. पण निकाल काही बदलला नाही.

एकोणीस सालच्या उन्हाळ्यात मात्र जिभेला कामच उरलं नाही. गावातलं दूध अठराशे लिटरवरून अडीचशेवर आलं. कडबा संपला. तेलगावकडून उसाचे वाढे यायचे, तेही बंद झाले. गुरांची चारा छावणी सुरू व्हायची होती, पण ती होईल तेव्हा खरी. गाई दिवसभर दावणीला उभ्या राहून रिकामंच तोंड हलवायच्या. मुक्ताबाईच्या तीन गाईंपैकी एकीनं तर दोरीवर वाळत घातलेला गहिनीनाथाचा सदरा खाल्ला. त्याला सदऱ्याचं वाईट वाटलं नाही. गाईला तो आवडला, याचं वाईट वाटलं.

अशात इलियासनं बातमी आणली. इलियास संस्थेचं दूध टेम्पोनं पुण्याकडे न्यायचा आणि रिकाम्या कॅन घेऊन परत यायचा. नगर रोडला एका ढाब्यावर त्याला एक पोरगा भेटला होता. भारत त्याचं नाव, अंबाजोगाईच्या एका प्राध्यापकांचा मुलगा. आयटीतली नोकरी सोडून त्यानं पुण्याजवळ बिअर करायचा लहानसा कारखाना काढला होता.

"बिअर जवाची करत्यात," इलियास चेअरमनसमोर सांगत होता. "जव उकळून पाणी काढून घेत्यात, आन् चोथा ऱ्हातो. गोड, वलाकच्च. गाई चाटून पुसून खात्यात. आठवड्याला टेम्पोभर चोथा निघतो त्याच्याकडं, आन् मी तर रिकामाच येतो."

"काय घेतो म्हणं?" चेअरमन सुंदररावांनी विचारलं.

"कायबी न्हाई. म्हणतो, फुकट देतो. पर मी त्याला आपल्या गहिनीभाऊच्या जिभंचं सांगितलतं. तर म्हणतो, मला एक खरी जीभ पाहिजे. माझी बिअर खपंना. दोस्तलोक मस्त मस्त म्हणत्यात, आन् दुसरी बाटली कोण घेत न्हाई. तिच्यात काय बिघडलंय ते सांगा, पाऊस पडंस्तोवर चोथा तुमचा."

आता यात न समजण्यासारखं काय होतं? पण सुंदरराव सोळा वर्षं चेअरमन होते. समोरचा माणूस 'खरं सांगा' म्हणाला की तो स्तुती मागतोय, हे त्यांना सोळा वर्षांच्या वार्षिक सभांनी शिकवलं होतं. त्यांनी गहिनीनाथाला बाजूला घेतलं.

"नाथा, तुझी जीभ दुधापुरती ठेव. पोरगं पुण्याहून येतंय. घोट घ्यायचा आन् लई झ्याक म्हणायचं. गावातल्या दोनशे गाई तुझ्या तोंडाकडं बघून ऱ्हायल्यात."

"आन् झ्याक नसली तर?"

"तर बी झ्याक."

गहिनीनाथानं मान हलवली नाही, पण 'नाही'ही म्हणाला नाही. रात्रभर त्याला दावणीवरून त्या तीन गाईंचं फुसफुसणं ऐकू येत राहिलं. खोटा निकाल त्यानं जन्मात दिला नव्हता. आणि खरा दिला तर चोथा जायचा, असं चेअरमन म्हणत होते. दोन्हीकडून पंचाईत होती.

दुसरी पंचाईत घरचीच होती. तीन वर्षांपूर्वी गावातल्या बायकांनी मतदान घेऊन दारूचं दुकान बंद पाडलं होतं. त्या मतपत्रिकेवर दोन चित्रं होती, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवी बाटली दणदणीत मतांनी निवडून आली, आणि त्या बायकांची पुढारी होती मुक्ताबाई. म्हणून आता गावात बिअर येणार हे तिला कळू नये, याचा बंदोबस्त करायला संचालक मंडळाची तातडीची सभा बोलावली गेली. तातडीची सभा म्हटल्यावर तिकडे कुणी फिरकणार नाही, याची सगळ्यांना खात्री होती.

भारत मंगळवारी भर दुपारी आला. दाढी वाढवलेला, पायात चप्पल, चेहरा चार रात्री न झोपल्यासारखा. त्यानं गाडीतून खोकं काढलं आणि बाटल्या थंड कुठे करायच्या, असं विचारलं. दूध थंड करायची मोठी स्टीलची टाकी दुपारी रिकामीच असायची. सचिव शहादेवानं झाकण उघडून बाटल्या तिच्या तळाशी एकेक करून झोपवल्या.

"बघा," सुंदरराव खूश होऊन म्हणाले, "गावानं आडव्या बाटलीला मत दिलंय. आपण आडव्याच ठेवल्या. नियम कुठं मोडला?"

तासाभरानं सभा सुरू झाली. सुंदरराव, शहादेव आणि पाच संचालक खुर्च्यांवर, गहिनीनाथ आपल्या स्टुलावर घमेल्याजवळ, आणि इलियास दारात. तो पीत नव्हता, पण चोथ्याचा निकाल लागल्याशिवाय हलणारही नव्हता. भारतनं बाटल्या काढल्या. त्याला वाटलं, आता चव घेतील. पण शहादेवानं इतिवृत्ताची वही उघडली होती.

"ठराव क्रमांक एक," त्यानं वाचलं. "श्री. भारत यांनी आणलेली बिअर चवीस उत्तम असून ही सभा त्यांचे अभिनंदन..."

"मंजूर, मंजूर," पाचही संचालक म्हणाले.

"अजून उघडली नाही मी," भारत म्हणाला.

"मंजूर झाल्यावर उघडा की निवांत," सुंदरराव म्हणाले. "आमच्यात आधी मंजुरी असती."

"माझा हात वर न्हाई," गहिनीनाथ म्हणाला. "मी चाखली न्हाई."

सुंदररावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की दुसरा माणूस स्टुलासकट खाली गेला असता. शहादेवानं वहीत 'एक मत तटस्थ' असं बारीक अक्षरात लिहिलं. मग बाटल्या उघडल्या. संचालकांनी एकेक घोट घेतला. एकाच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरा म्हणाला, "लई उत्तम." तिसरा बाहेर जाऊन आला.

भारतनं गहिनीनाथाला काचेच्या ग्लासात बिअर ओतून दिली. गहिनीनाथानं ग्लास उजेडात धरला. रंग गुळाच्या पाकासारखा होता, वर बोटभर फेस. धारोष्ण दुधाला असतो तसा, हे त्याला बरं वाटलं. त्यानं वास घेतला. मग तोंडभर घोट घेतला, या गालातून त्या गालात खेळवला आणि घमेल्यात थुंकला.

"कडू," तो म्हणाला. "परत."

सुंदररावांनी डोळे मिटून घेतले. दारातून इलियासचा खोल सुस्कारा ऐकू आला. भारत मात्र चिडला नाही.

"काका, ही कडूच असते. हॉप्स म्हणून एका वेलीची फुलं असतात, त्यांचा कडूपणा आहे हा. मी मुद्दाम दुप्पट घातलीत. आणि ती थुंकायची नाही. तिचा कडूपणा घशाशी कळतो. गिळावी लागते."

गहिनीनाथानं घमेल्याकडे पाहिलं. बावीस वर्षांचा नियम होता. पण धंदा वेगळा तर नियमही वेगळा असणार, आणि अर्ध्या चवीवर निकाल देणं हे तर त्याहून मोठं पाप. त्यानं दोन फुटाणे खाल्ले आणि गिळली.

"लिंबाचा पाला," तो म्हणाला. "पाडव्याला खातो तो. कवळा."

भारतनं खिशातून वही काढली.

दुसऱ्या ग्लासाला गहिनीनाथ म्हणाला, "संत्र्याची साल. आतलं संत्रं कुणीतरी खाऊन टाकलंय." तिसऱ्याला म्हणाला, "कडूच्या मागं गोड हाय. गुऱ्हाळावर काहील खरवडल्यावर लागतं तसं. आन् वल्ला घास कापलाय कुणीतरी, आत्ताच." घास म्हणताना त्याचा आवाज जरा ओला झाला, कारण हिरवा घास त्यानं दिवाळीनंतर पाहिला नव्हता. चौथ्याला त्याला कच्ची कैरी लागली, नव्या खाटेचं लाकूड लागलं आणि लहानपणी मामाच्या मळ्यात चोरून खाल्लेला पेरू लागला. तो पेरू कुणाच्या झाडाचा, कधी खाल्ला आणि मामानं कशानं बडवलं, हेही त्यानं सांगितलं. बावीस वर्षांत एवढं तो बोलला नव्हता. संचालक तोंड उघडं टाकून ऐकत होते. सुंदररावांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. हे तर सगळं स्तुतीतच जमा होत होतं.

"म्हंजी झ्याक," त्यांनी घाईनं समारोप केला.

"थांबा," गहिनीनाथ म्हणाला आणि पाचवा ग्लास त्यानं स्वतःच भरला. गिळला. डोळे बारीक केले. पुन्हा फुटाणे खाल्ले, पुन्हा गिळला. गुऱ्हाळ, घास, पेरू सगळं येऊन गेल्यावर, अगदी शेवटी, जिभेच्या बुडाशी काहीतरी येऊन बसत होतं. आणि ते त्याच्या चांगलं ओळखीचं होतं.

"हिच्यात लोणी हाय," तो म्हणाला. "परवाचं. जरा वास मारतंय."

मग सुंदरराव ताडकन उठले.

"साहेब, लोणी तुमच्या बिअरमधी कुठून यील? आमच्या टाकीचा वास लागला असंल. टाकी धुतली नसंल नीट. हाच धुतो, हा नाथा."

गहिनीनाथ उभा राहिला. पाच ग्लासांनंतर ते सोपं नव्हतं, पण तो राहिला. "टाकी मी धुतो," तो म्हणाला. "माझ्या टाकीला वास न्हाई. साहेब, टाकीत न गेलेली बाटली हाय का तुमच्याकडं?"

एक होती. गाडीत मागच्या सीटखाली गडगडत गेलेली. मेमधल्या पाटोद्याच्या उन्हात ती चहाएवढी गरम झाली होती. भारतनं ती उघडली तेव्हा अर्धी फेस होऊन शहादेवाच्या वहीवर गेली. उरलेली गहिनीनाथानं घेतली आणि गिळली. मग ग्लास पुढे केला.

"गरम झाल्यावर तर तूपच करायला घेतलंय," तो म्हणाला. "तुमीच बघा."

भारतनं घोट घेतला. दुसरा घेतला. मग तिथल्या एका पालथ्या कॅनवर हळूच बसला.

"आहे," तो म्हणाला. "चार महिने मी हॉप्स बदलतोय. जव बदलले, पाणी बदललं. आणि हे लोणी होतं. दोस्त म्हणायचे, स्मूथ आहे." मग त्यानं मान वर करून संचालकांकडे पाहिलं. "आणि तुम्ही तर न चाखताच उत्तम म्हणालात."

सुंदररावांना वारं फिरलेलं कळायला वेळ लागत नसे. पोराला वाईट ऐकायचंय ना, मग घ्या. त्यांनी शहादेवाला खूण केली. शहादेवानं भिजलेली वही झटकली.

"ठराव क्रमांक दोन. ठराव क्रमांक एक रद्द करून ही सभा असे जाहीर करते की सदर बिअर अत्यंत वाईट असून..."

"मंजूर, मंजूर."

"सर्वानुमते," सुंदरराव म्हणाले आणि आशेनं भारतकडे पाहू लागले.

भारतनं हात जोडले. खरंच जोडले. "बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "हे आपलं काम नाही. बाबा म्हणत होते तेच खरं. मी उद्याच बंद करतो सगळं. टाक्या विकतो."

हे कळायला मंडळाला दोन क्षण लागले. बिअर बंद म्हणजे जव उकळणं बंद. जव उकळणं बंद म्हणजे चोथा बंद. पहिल्यांदा इलियासला कळलं, आणि तो दारातून आत आला. "शहादेव, खोड बे ते," तो म्हणाला.

"एका सभेत दोनदा रद्द करता येत न्हाई," शहादेव रडवेल्या आवाजात म्हणाला. "तशी उपविधीतच सोय न्हाई."

"माझा इरोध लिही," गहिनीनाथ म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्यानं एका हातानं थंड टाकी धरली होती, कारण जमीन जरा कलती वाटत होती.

"पहिल्या ठरावाला तू, दुसऱ्याला बी तूच?" सुंदरराव म्हणाले. "तुझं म्हणणं तरी काय हाय?"

"वाईट न्हाई म्हणतो मी. कच्ची हाय." तो भारतकडे वळला. "साहेब, हिला काय लावता? इरजण?"

"यीस्ट असतं. म्हणजे विरजणच म्हणा."

"किती दिस ठेवता?"

"सहा. मग गार करून विरजण काढून टाकतो."

"सहाव्याच दिशी कावून?"

भारत घुटमळला. "टाकी रिकामी व्हायला हवी असते. पुढची बॅच थांबलेली असते ना."

"मग तिथंच चुकतंय," गहिनीनाथ म्हणाला. "आमची मुक्ता थंडीत इरजण लावती तवा भांडं चुलीपाशी ठिवती, आन् त्याला हात लावू देत न्हाई कुणाला. मला बी न्हाई. एकदा मी सकाळी लवकर बघाय गेलतो तर पळी हाणली होती. काम करणाऱ्याला अर्ध्या कामावरनं उठवलं की तो राडा तसाच टाकून जातो, असं ती म्हणती. तुमचं इरजण लोणी टाकून गेलंय. गार करू नका. आणखी दोन दिस उबंला राहू द्या. त्याचं त्ये आवरतंय."

भारतनं आपली वही काढली, पुस्तकातून टिपून घेतलेली मागची पानं उलटली, आणि एका जागी बोट ठेवून थांबला.

"पुस्तकात हेच दिलंय," तो म्हणाला. "शेवटी दोन दिवस उबेत ठेवा, यीस्ट स्वतःच ते खाऊन टाकतं. मी ते वाचून सोडून दिलं. मला वाटलं, ज्यांना घाई नसते त्यांच्यासाठी लिहिलंय."

"टाक्या?" सुंदररावांनी हळूच विचारलं.

"नाही विकत."

"आन् चोथा?" हे सगळेच एकदम म्हणाले.

"गुरुवारी इलियासभाईंना पाठवा. आणि पाऊस पडेपर्यंत दर गुरुवारी. पण दर बॅचची एक बाटली काकांकडे येणार. ते 'परत' म्हणाले, तर ती बॅच मी विकणार नाही."

शहादेवानं ठराव क्रमांक तीन लिहायला पेन उचललं. सुंदररावांनी ते त्याच्या हातातून काढून घेतलं. चेअरमन झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना एखादी गोष्ट मंजूर न करता नुसती होऊ द्यावीशी वाटली.

ऊन कलल्यावर इलियास गहिनीनाथाला घरी पोचवायला निघाला, पण घर दिसायला लागलं तसा तो थांबला. "पुढं तुमी जावा, गहिनीभाऊ," तो म्हणाला. "मी एक थेंब घेतलेला न्हाई, पर भाभीला हे पटवून देईस्तोवर माझं वय होईल."

मुक्ताबाई दावणीपाशी होती. बादलीत उरलेलं पाणी ती तीन गाईंना ओंजळीओंजळीनं वाटून पाजत होती. नवऱ्याची चाल तिनं लांबूनच वाचली. तो जवळ आला तशी ती उठली, कमरेला पदर खोचला आणि म्हणाली, "तोंड उघडा."

त्यानं उघडलं. तिनं वास घेतला. संसार चाखणाऱ्या माणसाबरोबर केला होता, तिचंही नाक काही कमी नव्हतं.

"किती?"

"पाच. आन् एक गरम."

"कुणी पाजली?"

"कामावर पिलो," गहिनीनाथ म्हणाला, आणि मग उभ्याउभ्याच त्यानं सगळं सांगून टाकलं. लिंबाचा पाला, घास, लोणी, तिचं चुलीपाशी ठेवलेलं भांडं, सगळं. खोटं बोलायची सवय नव्हती, आणि आज तर जीभ ऐकायलाच तयार नव्हती. सांगून झाल्यावर त्यानं मान खाली घालून वाट पाहिली. तीन वर्षांपूर्वी या बाईनं दुकानदाराला त्याच्याच दुकानाच्या फळीवर बसवून शपथ घ्यायला लावली होती. आपली सुटका पळीवर होणार नाही, हे त्याला माहीत होतं.

मुक्ताबाईनं सदरा खाल्लेल्या गाईच्या पाठीवर हात ठेवला. हाताखाली एकेक बरगडी मोजता येत होती.

"चोथा किती मिळंल म्हणालाव?"

"गाईमागं दोन पाट्या. दर गुरुवारी."

"आन् कवापर्यंत?"

"पाऊस पडंस्तोवर. पर मी दर बाटली चाखली तरच."

मुक्ताबाईनं वर आभाळाकडे पाहिलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं. मग ती घरात गेली, ताटात भाकरी आणि पिठलं घेऊन आली आणि त्याच्यापुढे ठेवलं.

"आधी भाकर खात जा, मग पीत जा," ती म्हणाली. "आन् जरा बेतानं. पाऊस पडंस्तोवर टिकाय पाहिजे तुमी."